रात्रीच्या गाडीतली झोप

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगसारख्या गावातून मुंबईला जायचे, तर रात्रीचा प्रवास ठरलेलाच. संध्याकाळी सोलापूर स्टेशन गाठायचे, रात्री गाडीत चढायचे आणि उजाडताना मुंबईत उतरायचे. रेल्वेने हे अंतर सुमारे ४५५ किलोमीटर भरते. माणूस मुंबईला जातो तो मोठ्या दवाखान्यात दाखवायला, मुलाखतीला, नाहीतर मंत्रालयातले एखादे काम उरकायला. गाडीत चार-पाच तास झोप लागली असेल तर पुढचा दिवस कारणी लागतो. रात्र बसून काढली असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलेही नीट लक्षात राहत नाही. त्यामुळे गाडीतल्या झोपेला चैनीची बाब म्हणून बाजूला सारता येत नाही.

झोपण्यासाठी माणसाला काय काय लागते, असे वर्गात विचारून पाहा. मुलांची उत्तरे साधारण अशी येतील : आडवे होण्यापुरती जागा, अंगाला न रुतणारे अंथरूण, आणि कोणी मध्येच उठवणार नाही याची खात्री. मागणी साधी आहे. पण आपल्या रेल्वेतल्या सामान्य प्रवाशाला या तिन्ही गोष्टी मिळायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. का लागला, हे पाहण्यासारखे आहे.

माणसे मोजायची ती बसलेली

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. तो प्रवास ३४ किलोमीटरचा. तिथे झोपण्याचा प्रश्नच नव्हता. पण रूळ झपाट्याने पुढे गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेची गाडी १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. १८७१ मध्ये हा मार्ग होटगी, अक्कलकोट रोड करत रायचूरला जाऊन मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाला. आता मुंबईचा माणूस एकाच मार्गाने मद्रासला जाऊ शकत होता. त्यासाठी त्याला दोन-दोन रात्री गाडीत काढाव्या लागत.

या रात्री सर्वांना सारख्या जात नव्हत्या. वरच्या वर्गाच्या डब्यात लांबलचक गादीची आसने असत आणि त्यांच्यावर पाडता-उचलता येणारा दुसरा बिछाना असे. तिसऱ्या वर्गात लाकडी बाके. या वर्गातून प्रवास करणारे थोडेथोडके नव्हते. दहा प्रवाशांपैकी नऊहून अधिक तिथेच असत.

१८९० च्या रेल्वे कायद्याने एक चांगली गोष्ट केली. प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त किती प्रवासी बसवायचे हे ठरवून तो आकडा कप्प्यावर लिहिण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. पण हा आकडा कशाचा होता, याकडे लक्ष द्या. तो बसलेल्या माणसांचा होता. माणूस बसला की त्याला साधारण दीड फूट रुंदीची जागा पुरते. तोच आडवा झाला की सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा लागते. गाडी दोन तासांची असो की दोन रात्रींची, तिसऱ्या वर्गाचा हिशोब बसलेल्या माणसाचाच होता.

मग प्रवाशांनी आपल्या परीने सोय शोधली. घोंगडे किंवा सतरंजीत धोतर-साड्या गुंडाळून दोरीने आवळलेली वळकटी हे त्याचे उत्तम उदाहरण. दिवसा ती सामानाची पिशवी, बाकावर ठेवली तर उशी, सोडली तर अंथरूण. जरा बऱ्या परिस्थितीतले लोक कॅनव्हासचा होल्डॉल वापरत. दोन बाकांच्या मध्ये ट्रंक ठेवून त्यावर चादर टाकली की लहान मुलांचा पलंग तयार होई. ज्यांना तेवढीही जागा मिळत नसे ते बाकाखाली शिरत.

१९१७ चे एक पत्र

या स्थितीचे अगदी नेमके वर्णन आपल्याच मार्गावरच्या एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे. १२ सप्टेंबर १९१७ रोजी मोहनदास करमचंद गांधी यांनी मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या मेलचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले. भाडे १३ रुपये ९ आणे. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर अडीच वर्षांत ते जाणीवपूर्वक तिसऱ्या वर्गाने देशभर फिरत होते. या प्रवासानंतर, २५ सप्टेंबरला, त्यांनी रांचीहून वर्तमानपत्रांसाठी एक पत्र लिहिले. ते पुढे पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

ते सांगतात की कप्प्यावर २२ प्रवाशांचा आकडा होता आणि हे २२ जण फक्त बसू शकत होते. सुरक्षितपणे पाठ टेकता येईल अशी फळी डब्यात कुठेच नव्हती. मद्रासपर्यंत दोन रात्री काढायच्या होत्या. दोन-तीन हट्टी प्रवासी सोडले तर सर्वांनी बसल्या बसल्याच डोळे मिटले. पुण्यापर्यंत २२ पेक्षा जास्त माणसे आत आली नाहीत. याचे श्रेय नियमाला नव्हते, दारात अडून राहिलेल्या दांडग्या प्रवाशांना होते. रायचूरनंतर तर गर्दी असह्य झाली. संपूर्ण प्रवासात कप्पा एकदाही झाडला गेला नाही.

पण या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग एका साध्या गुणोत्तराचा आहे. मद्रासचे पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्या वर्गाच्या पाचपटीहून थोडे अधिक होते. मग तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पहिल्या वर्गाच्या निदान एक पंचमांश, अगदी एक दशांश तरी सोयी मिळतात का, असे गांधीजी विचारतात. पैसे आणि सोय यांचे प्रमाण तपासण्याची ही रीत गणिताच्या शिक्षकाला आवडावी अशीच आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गादी कशी करायची हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते असे नाही. काथ्या होता, कापूस होता, चामडे होते, आणि यांची बनवलेली आसने त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात होतीच. अडचण तंत्राची नव्हती.

दिवसा बाक, रात्री पलंग

झोपण्याच्या डब्यातला मूळ प्रश्न जागेचा आहे. दिवसा प्रवाशांना बसायचे असते आणि रात्री आडवे व्हायचे असते. दोन्हींसाठी वेगवेगळी जागा ठेवली तर डब्यात माणसे फार कमी मावतात. अमेरिकेत जॉर्ज पुलमन याने १८६० च्या दशकात यावर व्यवहारी तोड काढली. समोरासमोरची आसने ओढून जोडली की खालचा बिछाना तयार होई आणि छताजवळ मिटून ठेवलेला दुसरा बिछाना रात्री खाली येई. त्याचा ‘पायोनियर’ हा डबा १८६५ चा. युरोपात जॉर्ज नागेलमॅकर्स या बेल्जियन गृहस्थाने १८७० च्या दशकात झोपण्याच्या डब्यांची कंपनी काढली. १८८३ मध्ये सुरू झालेली प्रसिद्ध ‘ओरिएंट एक्सप्रेस’ याच कंपनीची. हे डबे जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी होते. आपल्याला हवी होती ती युक्ती स्वस्तात आणि हजारो लोकांसाठी.

स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, तिसऱ्या वर्गासाठी झोपण्याचे डबे येऊ लागले. याच दशकात, १९५५ मध्ये, मद्रासजवळ पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली आणि पोलादी डबे देशात मोठ्या संख्येने बनू लागले. पुढे आपल्या सर्वांच्या ओळखीचा तीन थरांचा डबा रूढ झाला.

या डब्याची रचना कागदावर काढून पाहावी. पेरांबूरच्या डब्याची बाहेरची रुंदी सव्वातीन मीटरच्या आत. एका बाजूला आडवे बर्थ, मग चालायची वाट, मग खिडकीला समांतर बाजूचे बर्थ. एका कप्प्यात समोरासमोर तीन अधिक तीन असे सहा आणि बाजूला वर-खाली दोन, मिळून आठ. असे नऊ कप्पे, म्हणजे ७२ बर्थ. यातली खरी युक्ती मधल्या बर्थची. दिवसा तो खाली लोंबकळून पाठ टेकायला उपयोगी पडतो आणि रात्री साखळ्यांना अडकवला की पलंग होतो. एकाच फळीची दोन कामे!

म्हणजे आडवे होण्यापुरती जागा मिळाली. पण ती होती लाकडाची. १९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नाव गेले आणि त्याचा दुसरा वर्ग झाला. फळ्या मात्र त्याच राहिल्या.

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रेल्वेमंत्री होतात

मार्च १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले आणि मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांचा जन्म १९२४ चा, अहमदनगरचा. (या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे.) स्वातंत्र्य चळवळीत आणि गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेला हा समाजवादी कार्यकर्ता मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. १९७१ पासून ते राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. कोकण रेल्वेसाठी त्यांनी धरलेला आग्रह महाराष्ट्राला परिचित आहे. त्या मानाने त्यांच्या दुसऱ्या एका निर्णयाची आठवण फार कमी काढली जाते, जरी त्याच्यावर लाखो लोक रोज पाठ टेकतात.

दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बर्थवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा, असा तो निर्णय. पहिल्या वर्गाच्या सोयी कमी करून समता आणायची नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचलायचे, ही त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेल्या गीतांजली एक्सप्रेसमध्ये हे मऊ बर्थ आले. या गाडीत पहिला वर्ग ठेवलाच नव्हता. रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचे नाव तिला दंडवत्यांनीच दिले. ते मंत्रिपदावर जेमतेम सव्वादोन वर्षे होते. पण त्यानंतर आलेल्या कोणत्याही मंत्र्याने फोम काढून पुन्हा फळ्या बसवल्या नाहीत. पुढच्या दहाएक वर्षांत देशभरच्या शयनयानांत मऊ बर्थ आले.

दोन इंचांनी काय साधते?

शाळेतले सूत्र आठवा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचे वजन सुमारे ५९० न्यूटन. हा माणूस फळीवर उताणा झोपला की त्याचे सर्व अंग फळीला टेकत नाही. डोक्याची मागची बाजू, खांद्याची हाडे, माकडहाडाचा भाग, पोटऱ्या आणि टाचा एवढेच टेकते. हे क्षेत्रफळ ढोबळमानाने ६०० चौरस सेंटिमीटर धरू. मग सरासरी दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ न्यूटन येतो. रक्तदाबाच्या एककात सांगायचे तर हा पाऱ्याच्या ७० मिलिमीटरहून थोडा जास्त. त्वचेखालच्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. बाहेरून त्याच्या दुपटीहून जास्त दाब पडला की तिथले रक्त अडते, भाग बधिर होतो, दुखू लागतो आणि झोपेतच आपण कूस बदलतो. दोन फुटी बर्थवर कूस बदलणे ही एक कसरतच. ती वारंवार करावी लागली की झोप मोडते.

आता फोम घाला. हाडांखालचा फोम दबतो आणि कंबर, मांड्या, पाठ यांनाही आधार मिळतो. टेकलेले क्षेत्रफळ चौपट झाले असे धरले, तर सरासरी दाब एक चतुर्थांश होतो, म्हणजे पाऱ्याच्या १८ मिलिमीटरच्या आसपास येतो. रक्त वाहते राहते. (हे आकडे अंदाजाचे आहेत. हाडाखालचा प्रत्यक्ष दाब सरासरीपेक्षा बराच जास्त असतो.)

मग अर्धा इंच का नाही, किंवा सहा इंच का नाही? फोम फार पातळ असेल तर नितंबाखाली तो पूर्ण दबतो आणि माणूस पुन्हा फळीवर येतो. फार जाड केला तर तीन थरांच्या डब्यात उंची उरत नाही. दर बर्थला एक इंच वाढवला की तीन बर्थना मिळून तीन इंच जातात, आणि मधला बर्थ दिवसा पाठीमागे लोंबकळत असल्याने बसायची जागाही आक्रसते. त्याशिवाय फोमला आगीपासून जपावे लागते आणि रेक्झीनचे आवरण टिकवावे लागते. दोन इंच हा या साऱ्यांतला मध्यममार्ग आहे.

मात्र फोम धक्क्यांचे सगळे काम करत नाही. चाकांकडून येणारी बारीक, जलद थरथर तो कमी करतो. डब्याचे संथ हेलकावे, सेकंदाला एखाद-दोन, त्याच्याने थांबत नाहीत. ते काम डब्याखालच्या स्प्रिंगांचे. प्रवासाला जाणाऱ्या मुलांना एक निरीक्षण करायला सांगा. आडव्या बर्थवर झोपलेला माणूस गाडीच्या दिशेला काटकोनात असतो, त्यामुळे ब्रेक लागला की तो कुशीवर ढकलला जातो. बाजूच्या बर्थवरचा माणूस त्याच ब्रेकने डोक्याकडे किंवा पायाकडे सरकतो. डबा डावी-उजवीकडे झुलला की नेमके उलट घडते. वरच्या बर्थवर हा झोल जास्त जाणवतो आणि चाकांच्या वर असलेल्या कप्प्यांत उसळी जास्त. न्यूटनचा पहिला नियम शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा कुठली?

खात्री आणि वेळापत्रक

जागा मिळाली, मऊपणा आला. तिसरी गरज खात्रीची. आरक्षण मोठ्या वह्यांमध्ये हाताने लिहिले जाई तेव्हा लांबच लांब रांगा आणि वशिला हे दोन्ही चालत. आरक्षण संगणकावर नेण्याच्या दिशेने पावले दंडवत्यांच्या काळातच पडली. प्रत्यक्ष यंत्रणा १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि मग देशभर पसरली. बर्थला क्रमांक आणि क्रमांकाला नाव, एवढ्या साध्या नोंदीने माणसाला रात्री पायताण उशाशी ठेवून निर्धास्त झोपता येऊ लागले.

मधल्या बर्थमुळे आणखी एक प्रश्न उभा राहतो. तो उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही, आणि मिटला की मधल्याला झोपता येत नाही. इथे यंत्राने काही सुटत नाही, तिथे करारच लागतो. पूर्वी झोपेची वेळ रात्री ९ ते सकाळी ६ होती. २०१७ मध्ये ती रात्री १० ते सकाळी ६ अशी केली गेली. आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांना अधिक वेळ झोपू द्यावे, असे आवाहनही त्यात होते.

रचनेतले इंच कमी केले तर काय होते, याचाही अनुभव रेल्वेने घेतला आहे. २००७ च्या सुमारास बाजूच्या दोन बर्थमध्ये तिसरा घालून डब्याची क्षमता वाढवण्यात आली. कागदावर हिशोब चोख होता. पण त्या बर्थवर धड बसताही येईना आणि झोपताही येईना. तक्रारी वाढल्या आणि काही वर्षांतच साध्या शयनयानातून हे बर्थ काढावे लागले.

उरलेला हिशोब

आज पेरांबूर पद्धतीच्या जुन्या डब्यांची जागा जर्मन तंत्राच्या एल.एच.बी. डब्यांनी घेतली आहे. जुन्या पद्धतीचे डबे बनवणे २०१८ मध्ये थांबले. नवा डबा लांब असल्याने त्यात दहा कप्पे आणि ८० बर्थ मावतात. २०२१ पासून वातानुकूलित तीन थरांचे ‘इकॉनॉमी’ डबेही आले. ही सुधारणा खरीच आहे. पण अनेक गाड्यांत वातानुकूलित डबे वाढत असताना साधे शयनयान कमी झाले आहे, आणि ज्याला आरक्षण मिळत नाही तो जनरल डब्याकडे वळतो.

जनरल डब्यात अजूनही माणसे बसलेली मोजली जातात. नव्या डब्यात हा आकडा १०० आहे. रात्रभराच्या गाडीलाही तोच. तिथे लोक सामानाच्या फळीवर चढतात, दोन बाकांमध्ये चादर अंथरतात, चादरीचीच झोळी बांधून मुलाला निजवतात. १९१७ च्या पत्रातला २२ चा आकडा आणि आजचा १०० चा आकडा हे एकाच जातीचे आहेत. गांधीजींचे गुणोत्तर आजही मांडून पाहता येते. सोलापूर-मुंबई प्रवासाची जनरल, शयनयान आणि वातानुकूलित वर्गांची भाडी फळ्यावर लिहा. शेजारी प्रत्येक वर्गात एका प्रवाशाच्या वाट्याला किती चौरस फूट जागा येते ते लिहा. मग मुलांना भागाकार करू द्या.

दाबाचा प्रयोगही शाळेत सहज होतो. फळीवर खडूची बारीक भुकटी पसरा आणि गडद कपडे घातलेल्या एखाद्या मुलाला त्यावर हळूच उताणे झोपवा. उठल्यावर कपड्याला भुकटी कुठे कुठे लागली ते खडूने आखून घ्या आणि दहा सेंटिमीटरच्या चौकोनांनी क्षेत्रफळ मोजा. नंतर गादीवर चादर ताणून तेच करा. दोन क्षेत्रफळांतला फरक मुले स्वतः काढतील. तो फरक ज्या फोमने पडतो, तो दुसऱ्या वर्गाच्या गाडीत यायला १८५३ पासून १२४ वर्षे का लागली, हा प्रश्न त्यांनी इतिहासाच्या तासाला विचारला, तर त्यांना थांबवू नका.